हीट पंपाच्या सर्व्हिसिंगचे दोनशे पौंड नेमके कशाचे?

मी हीट पंपांवर पीएचडी करते हे कळलं की इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, मराठी मंडळींचे प्रश्न सुरू होतात. पूर्वी विचारायचे, "कडाक्याच्या थंडीत चालतो का गं तो?" आता ओळखीतल्या घरांमध्ये पंप बसायला लागलेत, त्यामुळे प्रश्नही बदललाय. "दर वर्षी सर्व्हिसिंगचे दोनशे-अडीचशे पौंड मागतायत. द्यायचे का? आणि नाही दिले तर काय बिघडेल?"

प्रश्न साधा दिसतो. पण कागद-पेन घेऊन बसलं की लक्षात येतं, हीट पंप परवडतो की नाही याचं पारडं अनेक घरांमध्ये नेमकं या दोनशे पौंडांच्या आसपासच हलत असतं. म्हणून आज थोडी आकडेमोड करू. घाबरू नका, भागाकाराच्या पुढे जायचं नाहीये.

आधी यंत्राबद्दल चार ओळी. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. पुण्यात मे महिन्यात एसीच्या आउटडोअर युनिटसमोर उभं राहून बघा, तोंडावर गरम वाफारा येतो. खोलीतली उष्णता उचलून ते बाहेर टाकत असतं. हीट पंप हेच काम उलट्या दिशेनं करतो: बाहेरच्या २-३ अंशांच्या हवेतली उष्णता गोळा करायची, कॉम्प्रेसरनं तिचं तापमान वाढवायचं आणि ती रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याला द्यायची. वीज लागते ती ही उष्णता इकडून तिकडे 'वाहून न्यायला'. त्यामुळे एक युनिट विजेत अडीच, तीन, कधी साडेतीन युनिट उष्णता मिळते. वर्षभरात मिळालेली एकूण उष्णता भागिले वर्षभरात खर्च झालेली एकूण वीज, या आकड्याला एसपीएफ म्हणतात. गाडीचं ॲव्हरेज असतं ना, तसंच हे पंपाचं ॲव्हरेज समजा. पुढचा सगळा लेख याच एका आकड्याभोवती फिरतो.

आता हिशेब. ब्रिटनची ऊर्जा-नियामक संस्था ऑफजेम २०२५ मध्ये मध्यम आकाराच्या घराचा वर्षाचा गॅस ११,५०० युनिट धरत होती. बॉयलरमध्ये थोडा वाया जातो, म्हणजे घराला प्रत्यक्ष उष्णता मिळते साधारण १०,००० युनिट. २०२५ मध्ये ऑफजेमचे कमाल दर वर-खाली होत राहिले, पण वीज २५ ते २७ पेन्सच्या आणि गॅस ६ ते ७ पेन्सच्या पट्ट्यातच राहिला. आपण वीज २६ आणि गॅस साडेसहा धरू.

गॅसचा खर्च झाला साधारण ७५० पौंड. त्यात गॅसच्या मीटरचा रोजचा स्थिर आकार मिळवा. तो दिवसाला ३० पेन्सच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला सुमारे ११५ पौंड. एकूण ८६५. स्वयंपाकाची शेगडीही विजेवर घेतली आणि गॅसचं मीटर कायमचं काढून टाकलं, तरच हे ११५ वाचतात. बरेच जण शेगडीसाठी मीटर ठेवतात आणि मग हीट पंप महाग पडला म्हणतात.

हीट पंपाला लागणारा खर्च म्हणजे १०,००० भागिले एसपीएफ, गुणिले २६ पेन्स. एसपीएफ ३ असेल तर साधारण ८६७ पौंड, गॅसच्या जवळजवळ बरोबरीत. म्हणजे इथल्या दरांनुसार ३ ही काठावरची रेषा. त्याच्या वर असाल तर फायद्यात, खाली असाल तर तोट्यात.

पण यात सर्व्हिसिंग धरलेलं नाही! गॅस बॉयलरचं वार्षिक सर्व्हिसिंग शंभर पौंडांच्या आसपास होतं. हीट पंपाचं बहुतेक ठिकाणी १५० ते ३०० पौंड. आपण २०० धरू. हा शंभराचा फरक हिशेबात घातला की काठावरची रेषा ३ वरून थेट ३.४ वर जाते. पुन्हा करून बघा: ८६५ अधिक १०० वजा २००, म्हणजे ७६५, आणि २,६०० भागिले ७६५ म्हणजे ३.४.

आता प्रत्यक्षात घरांमध्ये काय मिळतं? ब्रिटिश सरकारच्या पैशातून झालेल्या 'इलेक्ट्रिफिकेशन ऑफ हीट' या प्रकल्पात ७४२ घरांत हीट पंप बसवून त्यांची मोजणी केली गेली. हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांचा मधला आकडा २.८ च्या आसपास आला. पण मला या मधल्या आकड्यापेक्षा त्याच्या दोन्ही बाजूंचा पसारा जास्त महत्त्वाचा वाटतो. काही घरं २.५ च्या खाली होती, काही साडेतीनच्या वर. थंडी तीच, देश तोच, आणि यंत्रंही बरीचशी सारखीच. २.८ ला विजेचा खर्च येतो ९३० पौंड, ३.४ ला ७६५. दर वर्षी १६५ पौंडांचा फरक, म्हणजे जवळपास सर्व्हिसिंगचीच रक्कम.

म्हणून "दोनशे पौंड द्यायचे का?" याच्याऐवजी "ते दिल्यावर माझा एसपीएफ हलणार आहे का?" असं विचारायला हवं. सर्व्हिसिंगमधली काही कामं तो हलवतात. काही कामं सुरक्षिततेची असतात, त्यांचा बिलाशी संबंध नाही पण ती टाळू नयेत. आणि काही कामं निव्वळ वॉरंटीच्या कागदासाठी असतात.

टेक्निशियन येऊन काय करतो

तो तास-दोन तास असतो. बाहेरच्या युनिटची जाळी साफ करतो, पानं-कचरा काढतो, वितळलेल्या बर्फाचं पाणी नीट वाहून जातंय ना ते बघतो, विजेची कनेक्शन्स घट्ट करतो. आत येऊन पाण्याचं प्रेशर, गाळण्या, एक्स्पान्शन व्हेसल आणि गरम पाण्याच्या टाकीचे सेफ्टी व्हॉल्व्ह तपासतो. कंट्रोलरमधले एरर कोड वाचतो. सही करतो, जातो.

यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे पाण्याची गाळणी. जुन्या रेडिएटरमधलं लोखंड गंजून पाण्यात काळा गाळ तयार होतो. तो अडवायला परतीच्या पाइपवर एक जाळी आणि बहुतेक वेळा एक मॅग्नेटिक फिल्टर बसवलेला असतो. पहिल्या वर्षी ती जाळी हमखास भरते, कारण पाइपलाइन नव्यानं जोडताना जुना गाळ सुटलेला असतो.

ती अर्धी तुंबली तर काय होतं? समजा, तुमच्या घराला या क्षणी ७ किलोवॅट उष्णता हवी आहे. रेडिएटरकडे जाणारं पाणी ४५ अंशांचं, परतणारं ४० अंशांचं. पाच अंशांच्या फरकानं ७ किलोवॅट पोचवायला मिनिटाला साधारण २० लिटर पाणी फिरवावं लागतं. जाळी तुंबून प्रवाह १० लिटरवर आला, तर तेवढीच उष्णता पोचवायला फरक दहा अंशांचा व्हावा लागेल. रेडिएटरचं सरासरी तापमान तेच ठेवायचं तर जाणारं पाणी ४७.५ आणि परतणारं ३७.५. घरात तुम्हाला काही जाणवणार नाही, खोली तितकीच उबदार. पण पंपाला आता ४५ ऐवजी ४७.५ अंशांचं पाणी तयार करावं लागतंय.

आणि हीट पंपाच्या दुनियेत प्रत्येक अंशाला किंमत आहे. जाणाऱ्या पाण्याचं तापमान एका अंशानं वाढलं की वीज साधारण दोन ते अडीच टक्के जास्त लागते. हे थर्मोडायनॅमिक्समधून थेट येतं: उष्णता जितकी 'उंच' चढवायची तितकं काम जास्त. टाकी पहिल्या मजल्यावर असली काय आणि पाचव्यावर असली काय, पाणी तेवढंच. पण मोटारीचं बिल वेगळं. तर अडीच अंश म्हणजे पाच-सहा टक्के, आपल्या ९३० पौंडांवर पन्नासेक पौंड. जाळी काढून नळाखाली धुवायला दहा मिनिटं लागतात.

गॅस बॉयलरला याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. तो ७० अंशांचं पाणी पाठवायचा, प्रवाह थोडा कमी-जास्त झाला तरी खपून जायचं. म्हणून बॉयलरची सवय असलेले काही टेक्निशियन या जाळीकडे बघतही नाहीत. तुम्ही मात्र बघा. कंट्रोलरच्या स्क्रीनवर जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्याची तापमानं बहुधा दिसतात. पंप स्थिर चालू असताना हा फरक पाचच्या आसपास असायला हवा. तो आठ-दहावर गेला असेल तर आधी गाळणीवर संशय घ्या.

बाहेरच्या युनिटची जाळी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची ती कॉईल, हा माझ्या संशोधनाचा विषय असल्यामुळे मी त्यावर जरा जास्तच बोलू शकते, आवरतं घेते. ब्रिटनची हवा थंड असते त्याहून जास्त ओली असते. शून्य ते पाच अंशांच्या दमट दिवशी कॉईलवर दव गोठून बर्फाचा थर जमतो. तो वितळवायला पंप थोडा वेळ उलटा चालतो, म्हणजे चक्क घरातली उष्णता बाहेर नेतो. कॉईलमध्ये पानं, गवत, कुत्र्याचे केस अडकले असतील तर हवा कमी जाते, कॉईल आणखी थंड पडते, बर्फ लवकर जमतो आणि ही उलटी फेरी वारंवार होते. त्यामुळे सर्व्हिसिंग ऑक्टोबरच्या आधी करून घेणं शहाणपणाचं. जानेवारीत बिघाड झाल्यावर फोन केला तर टेक्निशियन मिळत नाही हा दुसरा भाग.

समुद्रकिनाऱ्याजवळ राहत असाल तर खारा वारा या पट्ट्या खातो. कोकणात एसीच्या युनिटचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तिथे युनिट वर्षातून दोन-तीनदा साध्या पाण्यानं हलकं धुवायचं. प्रेशर वॉशर मात्र नको, पट्ट्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

काही घरांत पाइप गोठू नयेत म्हणून पाण्यात ग्लायकॉल घातलेलं असतं. ते काही वर्षांनी खराब होतं, आम्लधर्मी होतं आणि पाइपांनाच गंज लावतं. म्हणून त्याची तीव्रता आणि आम्लता तपासायला लागते. तुमच्याकडे ग्लायकॉलऐवजी अँटिफ्रीझ व्हॉल्व्ह असतील (पाणी गोठायच्या बेतात आलं की ते आपोआप उघडतात आणि पाणी सोडून देतात), तर हा खर्च नाही. पंप बसवताना कोणीतरी हा निर्णय घेतलेला असतो आणि घरमालकाला त्याचा पत्ताच नसतो. विचारून घ्या.

गरम पाण्याची टाकी हा सुरक्षिततेचा भाग. ब्रिटनमधल्या नव्या टाक्या बहुतेक बंदिस्त आणि दाबाखाली असतात. पाणी तापलं की प्रसरण पावतं, त्याला जागा द्यायला एक्स्पान्शन व्हेसल आणि तेही बिघडलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह. हे दोन्ही दर वर्षी तपासलेच पाहिजेत, त्यासाठीची पात्रता असलेल्या माणसाकडूनच. यानं एक पैसाही वाचणार नाही, तरीही. गंमत अशी की अनेक स्वस्त कोटेशनमध्ये टाकी धरलेलीच नसते. १५० आणि २२० पौंडांच्या दोन कोटेशनमधला फरक कधीकधी एवढाच असतो.

लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी खूप जड आहे, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यासारखं. गीझरच्या कॉईलवर जमतात तसे क्षार इथेही टाकीतल्या कॉईलवर जमतात. त्यामुळे टाकीचं पाणी उगाच ६० अंशांवर ठेवू नका. जंतूंच्या काळजीसाठी बऱ्याच पंपांत आठवड्यातून एकदा ६० अंशांची फेरी लावलेली असते. ती चुकून रोजची लागली नाहीये ना, तेवढं बघा.

"मॅडम, गॅस कमी झालाय"

हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक एसीवाल्या घरानं ऐकलेलं आहे. मार्च उजाडला की एएमसीवाला येतो, जेट पंपानं धुतो, मीटर लावतो आणि गंभीर चेहऱ्यानं हे जाहीर करतो. दोन-तीन हजार रुपये जातात. इथे आलेल्या आपल्या माणसांना वाटतं, हीट पंपाच्या सर्व्हिसिंगमध्येही दर वर्षी गॅस भरायचा असणार.

एसी असो, फ्रिज असो की हीट पंप, आतला गॅस (रेफ्रिजरंट) पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरतो. द्रव होतो, वायू होतो, पुन्हा द्रव. तुमच्या घरातल्या फ्रिजमध्ये पंधरा वर्षांत कोणी गॅस भरलाय का? गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

ब्रिटनमधल्या घरांत बसणारे बहुतेक पंप मोनोब्लॉक प्रकारचे असतात. त्यांचा गॅसचा सगळा कारभार कारखान्यातच सील होऊन बाहेरच्या युनिटमध्ये येतो, घरात फक्त पाण्याचे पाइप येतात. अशा पंपाला लक्षण काहीच नसताना मीटर लावून बघण्याची गरज नाही. उलट प्रत्येक वेळी होज जोडताना-काढताना थोडा गॅस सुटतो, आणि एकूण गॅस जेमतेम एक-दोन किलो असताना तो थोडासाही मोजावा लागतो. चांगला टेक्निशियन आधी तापमानं वाचतो आणि त्यात काही विचित्र दिसलं तरच पुढे जातो.

कायदाही हेच सुचवतो. फ्लोरिनयुक्त गॅसांच्या नियमांत सक्तीच्या गळती-तपासणीची मर्यादा ५ टन कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्य आहे, आणि सीलबंद यंत्रांना १० टनांपर्यंत सूट. आर-३२ हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापमानवाढ करतो, म्हणजे ५ टन गाठायला त्याचे सात किलोहून जास्त लागतील. घरगुती पंप त्याच्या जवळपासही जात नाहीत. नव्या पंपांत येणारा आर-२९० म्हणजे तर साधा प्रोपेन. त्याचा हवामानावरचा परिणाम नगण्य, पण तो ज्वलनशील असल्यामुळे त्याला हात लावणारा माणूस प्रशिक्षितच हवा.

अर्थात गळती झालीच तर ती क्षुल्लक नाही. एक किलो आर-३२ हवेत गेला तर तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखा. वर धरलेल्या घरात वर्षभर गॅस जाळला असता तर साधारण २ टन निघाले असते. म्हणजे त्याचा एक तृतीयांश भाग एका गळतीत गेला. पंप पर्यावरणासाठी बसवला असेल तर हेही लक्षात असू द्या.

वॉरंटीची साखळी

काही जण विचारतात, कायद्यानं सर्व्हिसिंग सक्तीचं आहे का? स्वतःच्या घरात नाही. भाड्यानं दिलेल्या घरातल्या गॅस उपकरणांची दर १२ महिन्यांनी तपासणी १९९८ च्या नियमांनुसार सक्तीची आहे, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइडनं जीव जाऊ शकतो. हीट पंपात काही जळतच नाही.

पण कंपनीची वॉरंटी बहुधा पाच-सात वर्षांची असते आणि ती दर वर्षीच्या सर्व्हिसिंगला बांधलेली असते. एक वर्ष चुकलं, नोंदवहीत सही नाही, की पुढच्या वर्षी कॉम्प्रेसर गेल्यावर कंपनी हात वर करू शकते. कॉम्प्रेसर हा या यंत्रातला सगळ्यात महागडा भाग. त्यामुळे वॉरंटीच्या काळात माझं उत्तर स्पष्ट आहे: सर्व्हिसिंग करा, वेळेत करा, कागद जपून ठेवा. यातले काही पैसे चक्क विम्याच्या हप्त्यासारखे आहेत असं समजा. (ज्यानं पंप विकून बसवला त्याच्याविरुद्धचे २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यातले तुमचे अधिकार या वॉरंटीपेक्षा वेगळे आहेत. कंपनीनं नाही म्हटलं म्हणजे सगळं संपलं असं नाही.)

वॉरंटी संपल्यावर मात्र प्रत्येक कामाची वेगळी किंमत विचारायला सुरुवात करा. टाकीची तपासणी दर वर्षी हवीच. कॉईल आणि गाळणी तुम्ही स्वतः करू शकता. बाकीचं दोन वर्षांनी केलं तर आभाळ कोसळणार नाही, असं माझं मत.

खरी सर्व्हिस स्क्रीनवर होते

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एनआयएसटी या राष्ट्रीय संस्थेनं हीट पंपांमधल्या बसवणीच्या दोषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गॅस कमी-जास्त भरणं, गळके डक्ट, चुकीचा आकार असे दोष मुद्दाम घालून त्यांनी परिणाम तपासले. निष्कर्ष असा की वाईट बसवणीमुळे घर गरम-थंड करण्याची वीज ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. तिकडचे पंप गरम हवेवर चालणारे, आपले पाण्यावर, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. पण दोषाचा स्वभाव तोच: घर गरम होतं, एरर कोड येत नाही, कुणी तक्रार करत नाही. फक्त बिल येत राहतं.

युरोपात याहून अलीकडचा अभ्यास झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातला. त्यांनी १० देशांतल्या १,०२३ पंपांची प्रत्यक्ष चालतानाची माहिती तपासली. हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांपैकी १७ टक्के पंप अस्तित्वात असलेल्या कार्यक्षमतेच्या निकषांपेक्षा खाली होते. म्हणजे सहातला एक पंप. मोडलेला नाही, सर्व्हिसिंगही कदाचित वेळेवर झालेलं, आणि तरीही नापास.

असे पंप नापास होतात त्याचं एक मोठं कारण सेटिंग. बसवणारा माणूस शेवटच्या दिवशी घाईत असतो. ग्राहकाचा "घर गार आहे" असा फोन येऊ नये म्हणून तो पाण्याचं तापमान चढं ठेवून जातो, समजा ५० अंश, बाहेर कितीही असलं तरी. वास्तविक बाहेर १० अंश असताना त्याच घराला ३५ ते ४० अंशांचं पाणी पुरतं. बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप बदलण्याची सोय जवळजवळ प्रत्येक पंपात असते, तिला वेदर कॉम्पेन्सेशन म्हणतात. ती बंद असते किंवा तिचा आलेख कारखान्यातून आला तसाच असतो. हा आलेख पाच अंशांनी खाली आणला तर दहा ते बारा टक्के वीज वाचते, म्हणजे आपल्या घरात नव्वद ते एकशे दहा पौंड. दर वर्षी. एकही स्क्रू न फिरवता.

आणि हे काम सर्व्हिसिंगच्या यादीत बहुधा नसतंच! जाळी पुसायचे पैसे मिळतात, आलेख बघायचे मिळत नाहीत. मला हे खटकतं.

जर्मनीनं यावर एक बरा तोडगा काढलाय. २०२४ पासून लागू झालेल्या इमारत-ऊर्जा कायद्यात, किमान सहा घरं असलेल्या इमारतीत बसवलेल्या नव्या हीट पंपाची एक पूर्ण हिवाळा झाल्यानंतर, उशिरात उशिरा दोन वर्षांच्या आत, तपासणी सक्तीची केली आहे. तीत सेटिंग, तापमानं आणि प्रत्यक्ष कार्यक्षमता बघायची. पंपावर दुरून लक्ष ठेवलं जात नसेल तर पाच वर्षांनी पुन्हा. एक हिवाळा जाऊ द्यायचा ही अट मला फार आवडते, कारण घर किती उष्णता मागतं हे त्या हिवाळ्यातच कळतं. बसवण्याच्या दिवशी सगळा अंदाजच असतो.

ब्रिटनमध्ये असा नियम नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंडांचं अनुदान मिळतं, पण एक हिवाळा झाल्यावर पंप कसा चालतोय हे बघायला कोणी येत नाही. म्हणून ते आपणच घडवून आणायचं. पहिल्या सर्व्हिसिंगची वेळ ठरवताना फोनवरच सांगा की मला वेदर कॉम्पेन्सेशनचा आलेख तपासून हवाय, पाण्याचा प्रवाह मोजून हवाय आणि जाणाऱ्या-परतणाऱ्या पाण्याची तापमानं कागदावर लिहून हवीत. टाकी धरली आहे का तेही विचारा. समोरचा गोंधळला तर दुसरीकडे फोन करा. गोंधळला नाही तर पन्नास पौंड जास्त मागितले तरी देऊन टाका, पहिल्याच हिवाळ्यात वसूल होतील.

आलेख तुम्ही स्वतःही उतरवू शकता. घाई करायची नाही. सगळ्या खोल्यांचे रेडिएटर पूर्ण उघडे ठेवायचे, आलेख एका अंशानं खाली आणायचा, दोन-तीन दिवस थांबायचं. घर उबदार राहिलं तर आणखी एक अंश. ज्या दिवशी आई-बाबा "आज जरा गारठा वाटतोय" म्हणतील, त्या दिवशी एक अंश परत वर. एवढंच.

जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपांना बाहेरचा पंखा नाही, बर्फाची भानगड नाही, त्यामुळे त्यांचं सर्व्हिसिंग बरंच सोपं. जमिनीतल्या पाइपातल्या अँटिफ्रीझची तपासणी मात्र करावी लागते. त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन.

तुमचा एसपीएफ किती आहे हे बघायला बहुतेक पंपांच्या मेन्यूमध्ये दोन आकडे सापडतात: तयार केलेली उष्णता आणि वापरलेली वीज. १ ऑक्टोबरला दोन्हीचे फोटो काढून ठेवा, पुढच्या १ ऑक्टोबरला पुन्हा काढा आणि वजाबाकी करून भागा. पंपाचा स्वतःबद्दलचा अंदाज थोडा उदार असू शकतो, तेव्हा वेगळं मीटर असेल तर त्याचाच आकडा घ्या. उत्तर २.८ च्या खाली आलं तर सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाला चहा देण्याआधी हा आकडा दाखवा.